कालचा मान्ना आज चालत नाही

नर्सिंगच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता आमच्या मंडळीतल्या आजारी माणसांना भेटी देणं, महिला मंडळाची प्रार्थना सभा आणि शब्बाथशाळेतली मोठी मुलं, ही माझी कामं. मुलं आडपडदा न ठेवता विचारतात, "मावशी, एवढं सगळं होऊन तुमचा विश्वास टिकला कसा?" संकटामुळे विश्वास जातो असं त्यांना वाटतं. मी पाहिलंय ते वेगळंच. संकट अंगावर येतं तेव्हा माणूस गुडघे टेकतो. ते सरल्यावर मात्र तो मागचं उगाळत बसतो, प्रार्थनेची जागा गाऱ्हाणं घेतं आणि बघता बघता माणूस देवळाच्या शेवटच्या बाकावरून बाहेर गेलेला असतो. मागचं सुखाचं असलं तरी तेच होतं.

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात जन्मले, इथेच वाढले, इथल्याच एका दवाखान्यात राबले. मुलांना जे तुकड्यातुकड्यांनी सांगते, ते इथे सलग लिहिते आहे.

१. मागे काय टाकायचं ते आधी बघून घ्यावं

पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. मागचं मागे टाकून पुढच्या लक्ष्याकडे धावण्याची त्यातली गोष्ट आमच्याकडे लग्नात, अंत्यविधीत, वर्षअखेरीच्या उपासनेत, सगळीकडे ऐकायला मिळते. त्याच अध्यायात थोडं वर मात्र सहसा कुणी थांबत नाही. तिथे पौल आपलं कूळ सांगतो, बन्यामिनाचा वंश सांगतो, आपण परूशी होतो हे सांगतो, नियमशास्त्र कसं काटेकोर पाळलं तेही सांगतो. आणि मंडळीचा छळ केला, हेही त्याच दमात.

म्हणजे तो काहीच विसरलेला नाही. त्याला सगळं लख्ख आठवतंय. फक्त त्या आठवणींवर त्याचा आजचा दिवस उभा नाही. आणि त्या यादीत लाजेची गोष्ट एकच, बाकी सगळ्या मानाच्या. "मागचं सोडा" म्हटलं की आपल्याला पापं आणि दुःखं आठवतात. पौलाला आधी सोडावी लागली ती त्याची पत. माझ्या पाहण्यातही पाप कबूल करून मोकळी झालेली माणसं पुष्कळ आहेत. मंडळीतला जुना मान सोडू शकलेली फारच थोडी.

२. जखम तळापासून भरली पाहिजे

माझी निम्मी नोकरी सर्जिकल वॉर्डात गेली. मधुमेह्याच्या पायाची किंवा गळू फोडल्यानंतरची खोल जखम वरून मिटू द्यायची नसते. सलाइनने भिजवलेली गॉजची पट्टी चिमट्याने हलक्या हाताने तिच्या तळापर्यंत भरायची. दुसऱ्या दिवशी ती काढायची, आतून धुवायचं, तळाला लाल दाणेदार मांस धरू लागलंय का ते बघायचं आणि नवी पट्टी भरायची. पेशंट कळवळतो. "सिस्टर, वरून बरी दिसतीय की, कशाला उकरताय?" पण तळ भरण्याआधी कातडी जुळली, तर आत पू धरतो आणि थोड्याच दिवसांत तोच माणूस तापाने फणफणून परत येतो.

आमचे वडील गेल्यावर घराच्या वाटणीवरून माझं आणि धाकट्या भावाचं बोलणं तुटलं. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला एका रविवारी उपासनेनंतर समोरासमोर उभं केलं, हातात हात द्यायला लावला, प्रार्थना केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण तळाशी काय आहे ते कुणी विचारलंच नव्हतं, मग चांगल्या हेतूनेही कातडीच तेवढी जुळते. त्यानंतर कितीतरी दिवस प्रभूची प्रार्थना म्हणताना ऋण्यांना सोडण्याच्या ओळीवर माझा आवाज खाली यायचा.

यातून मला बाहेर काढलं ते आमच्या तेव्हाच्या पाळकसाहेबांच्या पत्नीने. त्या म्हणाल्या, "भाऊ काय बोलला ते जसंच्या तसं देवाला सांगा. त्याचेच शब्द वापरा. मग तुम्हाला काय वाटलं ते सांगा. देवाला गोड करून सांगायची गरज नसते." स्तोत्रसंहिता उघडून बघा, तिथे दावीद हेच करतो. संतापतो, रडतो, देवालाच जाब विचारतो. मी रोज सकाळी, स्वयंपाकाला लागण्याआधी, दार लावून हे केलं. सुरुवातीला हुंदके, मग नुसते शब्द, मग शब्दही कमी. पुढे भावाच्या मुलीच्या दृढीकरणाला मी आपण होऊन गेले. वहिनीने पाट मांडला, भाऊ शेजारी येऊन बसला आणि आम्ही आईच्या हातच्या शेंगोळ्यांबद्दल बोललो. वाटणीचा विषय आजही निघाला तर निघतो. ताप येत नाही.

आणखी एक सांगते, कारण इथे पुष्कळजण फसतात. ड्रेसिंगची एक वेळ असते. उरलेला सगळा दिवस जखम झाकलेली असते. येता-जाता पट्टी उचकटून बघणाऱ्याची, आल्यागेल्याला दाखवणाऱ्याची जखम चिघळते. दुःख देवापुढे उघडं करण्याला वेळ द्या, रोज द्या. पण ते दिवसभर, प्रत्येक भेटीत, फोनवर उघडं ठेवू नका.

प्रभूने पेत्राशी हेच केलं. पेत्राने त्याला तीनदा नाकारलं तेव्हा महायाजकाच्या अंगणात कोळशाचा विस्तव पेटलेला होता. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी प्रभू त्याला भेटतो, तेव्हाही कोळशाचाच विस्तव आहे, त्यावर मासळी भाजते आहे. योहानाने हे दोन्ही ठिकाणी टिपून ठेवलंय. "माझ्यावर प्रीती करतोस का?" असं प्रभू तीनदाच विचारतो. पेत्राला तिसऱ्या वेळी वाईट वाटतं, म्हणजे हात तळाला लागला. आणि लगेच प्रभू त्याला मेंढरं सांभाळायचं काम देतो. चौथ्यांदा विचारत नाही.

३. मिसरातला कांदा गोडच लागतो

रानात देवाने रोज दिलेला मान्ना खाऊन कंटाळलेल्या इस्राएल लोकांना मिसरातली मासळी, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवू लागले. गणनाच्या अकराव्या अध्यायात हे आहे. विटा थापायचं काम, मुकादमाचा मार, नदीत टाकलेले तान्हे मुलगे, यातलं काहीच त्या यादीत नाही. माणसाची आठवण अशी निवडक असते.

आमच्या नगरच्या मंडळ्यांना हा अध्याय मुद्दाम वाचून दाखवावा असं मला नेहमी वाटतं. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ मध्ये नगरला काम सुरू झालं. १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' निघाला. शाळा, वसतिगृहं, दवाखाने, मुलींचं शिक्षण, हे सगळं त्यांनी आणि आपल्या वाडवडिलांनी मिळून उभं केलं. माझ्या आईला अक्षर मिळालं ते मिशनच्या शाळेत. मी त्या ऋणात आहे आणि ते मला मोठ्याने सांगायला आवडतं.

पण मंडळीच्या सभेत कुठलाही विषय निघाला की कुणीतरी उठतं आणि "मिशनच्या वेळी असं नव्हतं" म्हणतं. मिशनच्या वेळी घंटा वेळेवर व्हायची, गायनाला चार आवाज असायचे, मडमसाहेब घरोघरी यायच्या. अर्धा तास यात जातो आणि ज्या तरुण जोडप्याच्या घरी दोन महिने कुणी फिरकलेलं नाही, त्यांचा विषय राहून जातो. मडमसाहेब घरोघरी जायच्या हे इतकं आठवतं, तर आपण आज संध्याकाळी एका घरी का जाऊ नये?

तो काळ आत राहून पाहिलेल्यांनाही तो पुरा पडत नव्हता. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. पुढची कितीतरी वर्षं ते मिशनच्या कामात होते. मिशन भरात असताना, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताभोवती एकत्र बसता यावं, असं त्यांचं स्वप्न होतं. १९१९ मध्ये ते वारले. दरबार फार काळ भरला नाही. पण सत्तावन्न वर्षांचा खंगलेला माणूस शेवटपर्यंत पुढचंच काहीतरी उभारत होता. आम्ही त्यांची पदं टाळ-मृदंगावर गातो आणि सभेत मात्र घंटेच्या वेळेवरून भांडतो.

दुसरी गोष्ट तर आणखी बोचते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, सी.एन.आय., स्थापन झाली. अमेरिकन मिशनच्या मंडळ्या आणि एस.पी.जी. या अँग्लिकन मिशनच्या मंडळ्या एका छताखाली आल्या. तेव्हा जन्मलेली मुलं आज आजी-आजोबा झाली. तरीही सोयरीक जमवताना आतल्या खोलीत विचारलं जातं, "ते आपल्यातले का एस.पी.जी.तले?" जे कागदावर, उपासनेत आणि प्रभूच्या मेजावर मिटलं, ते आपण पंगतीत जिवंत ठेवतो. मला याचा राग येतो, आणि तो येऊ द्यावा असंच मला वाटतं.

४. जुनी साक्ष आजच्या भुकेला पुरत नाही

मान्ना दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की त्यात किडे पडत, घाण सुटे. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशीचा टिकत असे.

साक्षीचंही तसंच. साक्षीच्या वेळी काहीजण वर्षानुवर्षं तीच एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असते, पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटाही आलेला असतो. पण ऐकणाऱ्या पोरांना कळतं की या माणसाकडे या आठवड्याचं काही नाही. मी महिला मंडळात नियम केला: साक्ष मागच्या रविवारपासूनच्या दिवसांतली हवी. पहिले काही आठवडे सगळ्या गप्प. मग एकीने सांगितलं, की सासूचं अंथरूण बदलताना चिडचिड झाली, तेव्हा प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते आठवलं आणि हात सावकाश चालायला लागले. इतकंच. त्या दिवशी सभेत जी प्रार्थना झाली तशी फार दिवसांत झाली नव्हती.

५. पणजोबांची भूक मी लपवत नाही

माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे. दुष्काळात मिशनने काम काढलं, धान्य दिलं, आणि त्या काळात ते ख्रिस्ती झाले. "धान्यासाठी धर्म बदललेले" हे मी शाळेत ऐकलं, नोकरीत ऐकलं, एकदा पेशंटच्या नातेवाइकाकडून, मी त्याच्या वडिलांचं कॅथेटर बदलत असतानाही ऐकलं.

यावर आमच्यात दोन वाटा निघाल्या. काहींनी पूर्वज उच्च कुळातले असल्याच्या कहाण्या रचल्या. काही जण त्या टोमण्याशी आयुष्यभर भांडत राहिले. मला दोन्ही नको वाटतं. भुकेल्याला भाकरी देऊन प्रभूने आधी त्याला माणूस मानलं, यात मला कमीपणा कुठेच दिसत नाही. पाच हजारांनाही त्याने जेवू घातलं होतं. पणजोबा कशासाठी आले हे त्यांना आणि देवाला ठाऊक. मी का थांबले, एवढंच मला सांगता येतं.

मात्र इथे एक गल्लत होते, विशेषतः आमच्या प्रवचनांत. मागचं उगाळू नका, म्हणून अन्यायाबद्दलही बोलू नका, असं सांगितलं जातं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. माझ्या आजोबांच्या चुलतभावाचं घर १९५६ नंतर बौद्ध झालं. त्यांच्या नातवंडांना दाखला मिळतो, आमच्यांना नाही, आणि गावात वागणूक दोघांनाही सारखीच मिळते. हे आजचं आहे. आजच्या अन्यायावर अर्ज करणं, मोर्चात चालणं, कोर्टात जाणं हे पुढे पाहणाऱ्याचंच काम आहे. पौलानेही वेळ आली तेव्हा आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं होतं.

६. शोकाला हात-पाय असावेत

यजमान गेले तेव्हा लोक सांत्वनाला आले आणि "विसरा आता" म्हणाले. मी विसरले नाही, विसरणारही नाही. त्या दिवसांत मला आधार झाला तो दोन बायकांचा.

पंडिता रमाबाईंचे आई, वडील आणि बहीण दुष्काळाच्या वणवणीत गेले. भाऊ १८८० मध्ये गेला, पती १८८२ मध्ये. पदरात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. भूक म्हणजे काय हे ज्या बाईला अंगाने ठाऊक होतं, ती त्या आठवणीजवळ बसून राहिली नाही. ती आठवण तिला रेल्वेत बसवून दुष्काळी मुलखात घेऊन गेली. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चालवलेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर पुरं केलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये डोळे मिटले.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक, नारायण वामनांच्या पत्नी. नवरा न सांगता ख्रिस्ती झाला म्हणून काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचं 'स्मृतिचित्रे' वाचताना दिसतं, की त्या काहीच झाकत नाहीत. टिळकांचा संताप, स्वतःचं सोवळं, उपासमार, सगळं सांगतात, पण मनात अढी ठेवून सांगत नाहीत. आणि टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी लिहून पुरं केलं. शाळेत न गेलेल्या बाईने.

यजमान उपासनेत पेटी वाजवायचे. वर्षश्राद्ध आमच्यात नसतं, पण वर्ष पुरं झालं त्या सुमारास मी ती पेटी शब्बाथशाळेतल्या एका मुलाला दिली. भाता एका बाजूने गळत होता, तो त्याने नवं चामडं लावून दुरुस्त करून घेतला. आता उपासनेत तोच वाजवतो. लय जरा घाईची असते, मी सांगते, तो सुधारतो.

७. दुसऱ्याचा भूतकाळही सोडावा लागतो

मार्क प्रवास अर्धवट सोडून पंफुल्याहून माघारी गेला म्हणून पौलाने त्याला पुन्हा बरोबर घ्यायला साफ नकार दिला. बर्णबाने घेतलं, आणि दोघा मोठ्या माणसांची जोडी त्यावरून फुटली. पण आयुष्याच्या शेवटी तीमथ्याला लिहिताना पौल मार्कला घेऊन यायला सांगतो, तो उपयोगी आहे म्हणतो. पौलाने आपलं मत बदललं, तेही लेखी.

आमच्या मंडळीत एक गृहस्थ दारूतून सुटले. आता सगळ्यात आधी येऊन तेच सतरंज्या झटकतात. तरी अर्पणाची थाळी फिरवायला त्यांचं नाव सुचवलं, की बैठकीत खाकरणं सुरू होतं. देवाने ज्याचं पाप समुद्राच्या तळाशी टाकलं, त्याच्यासाठी आपण गळ टाकून काठावर का बसायचं? यंदा मी त्यांचं नाव पुन्हा सुचवलं आणि कारण विचारून लिहून मागितलं. कुणी लिहून दिलं नाही. आता ते थाळी फिरवतात.

८. हातात पुढचं काम हवं

अलीशाला एलीयाने बोलावलं तेव्हा तो बैलांच्या बारा जोड्या घेऊन नांगरत होता. त्याने आपल्या बैलांची जोडी कापली, नांगराच्याच लाकडांवर मांस शिजवलं, माणसांना जेवू घातलं आणि निघाला. सोडलं तेही वाया घालवलं नाही.

माझ्याजवळ नर्सिंग आहे, तेच मी जाळावर घालते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या कोपी पडतात. बायका गरोदरपणातही मोळ्या वाहतात, रक्त इतकं कमी की पापण्यांची आतली बाजू पांढरीफटक दिसते. यंदा तिथे जाऊन तपासणी करायची आहे. शब्बाथशाळेतल्या दोन मुलींना मी रक्तदाब मोजायला शिकवला आहे, तिसरी ग्लुकोमीटर शिकते आहे. तिथे कुणाला धर्म विचारायचा नाही, पत्रकं वाटायची नाहीत, कुणी आपण होऊन प्रार्थना करा म्हटलं तर करायची, असं आमचं ठरलं आहे. लोहाच्या गोळ्या सरकारी उपकेंद्रातून मिळतील, आशाताईंशी बोलणं झालंय. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या विकत घ्याव्या लागतील, त्यासाठी महिला मंडळाने घरोघरी मूठ-मूठ करून साठवलेलं धान्य यंदा विकायचं ठरलं. कोपीवर जायला रविवारची संध्याकाळ बरी, असं ठरलं. त्यासाठी आमची संध्याकाळची प्रार्थना सभा शनिवारी न्यावी लागेल. पूर्वीपासून ती रविवारीच होते, असं दोघी-तिघी म्हणाल्याच. त्यांना मी पहिल्या फेरीला बरोबर घेऊन जाणार आहे.